लाल खुणेच्या वरचं पाणी

नलूताई,

तुझ्या तेरवीचं जेवण मी जेवले नाही. पानं मांडून झाली होती. तुझा भाचा संजय ‘बसा ना मावशी’ म्हणत मागे लागला होता. मी चपला घातल्या, मनीषनगरातल्या तुझ्या इमारतीचे तीन मजले उतरले आणि ऑटो मिळेपर्यंत उन्हात उभी राहिले. वर सगळे म्हणत असतील, सुषमाला सहन झालं नाही, इतक्या वर्षांची सोबत होती. सहन झालं नाही हे खरं, पण त्यांना वाटलं त्या कारणानं नाही. पाच मिनिटांपूर्वी खाली, गाड्या लावतात तिथे, हिवरडोहचे दशरथभाऊ मला भेटले होते.

ते काय बोलले ते तुला ठाऊकच आहे. ते मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. दोन वर्षं तू दर गुरुवारी सक्करदऱ्याला माझ्या घरी येत होतीस. माझ्या हातचं जेवत होतीस. सांगायला शंभर गुरुवार होते तुझ्याकडे.

सुरुवातीपासून लिहिते. रागाच्या भरात चांगलं तेवढं विसरून जाईन अशी भीती वाटते, आणि ते मला नको आहे.

मी सरकारी कचेरीत नकाशे ट्रेस करायची. एकतीस वर्षं पारदर्शक कागदावर नद्या, नाले, तलाव काढले आणि त्यातलं एकही पाणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तू खिडकीशी आलीस ती मौद्याच्या पलीकडच्या एका जुन्या मालगुजारी, म्हणजे जमीनदारी काळातल्या, तलावाचा नकाशा मागायला. मी प्रत दिली. तू ती तिथेच टेबलावर पसरलीस आणि म्हणालीस, “हा नाला इथून जात नाही, बाई. कवठापारच्या घराइले लागून जाते तो.”

“नकाशात असाच आहे,” मी म्हणाले.

“नाल्यानं नकाशा नाही पाहिला ना वं. चल, दाखवते.”

अनोळखी बाईला असं कोणी म्हणत नाही. आणि अनोळखी बाईबरोबर रविवारी सकाळी भंडारा रोडच्या बसमध्ये कोणी बसत नाही. मी बसले. घरी माझी वाट पाहणारं तेव्हा कोणी उरलं नव्हतं, हे तुला कसं कळलं होतं देव जाणे. त्या दिवशी तू मला तलावाच्या पाळीवर उभं केलंस. वर हिवरडोह, खाली कवठापार, मधे वाकड्या चालीचा नाला, आणि दूर औष्णिक केंद्राच्या चिमण्या. माझी आयुष्यभराची रेघ चार शेतं चुकली होती. मी घरी येऊन रडले, पण कितीतरी वर्षांनी चांगल्या कारणासाठी. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. आजही आहे. हेच तर अवघड झालं आहे.

निवृत्त झाल्यावर मी तुझ्याबरोबर गावोगावच्या तळ्यांच्या कामात पूर्णच आले. आपलं काम सांगायला सोपं होतं. पाऊस बदलला होता. पूर्वी आठवडाभर रिपरिप करणारं पाणी आता तीन आठवडे तोंड दाखवत नव्हतं आणि मग एका दुपारी सगळं एकदम ओतून जात होतं. वरच्या हिवरडोहचं धान तळ्यावर पिकायचं. त्यांना तळं काठोकाठ भरलेलं हवं. पण तळं काठोकाठ असताना असा पाऊस कोसळला, की सांडव्यावरून उसळलेलं पाणी नाल्यानं थेट खालच्या कवठापारच्या घरांत. एकाच्या बेगमीत दुसऱ्याची भीती होती. दोन्ही गावांनी मिळून काहीतरी ठरवावं म्हणून तू चार वर्षं पायपीट केलीस. पहिली दोन वर्षं तर दोन्ही गावं एका सतरंजीवर बसायला तयार नव्हती. कवठापारच्या बायका म्हणायच्या, वरचे लोक आमाले पाण्यात पाहतात. हिवरडोहचे म्हणायचे, खालच्याइले आमच्या धानाचं काय पडलं आहे. तू दोघांचंही ऐकून घ्यायचीस, चहा प्यायचीस आणि पुढच्या आठवड्यात परत जायचीस.

शेवटी ठरलं. पोळ्यापर्यंत तळं सांडव्याच्या एक हात खाली ठेवायचं. पाळीच्या बुडाशी पाणी सोडायची जी मोरी आहे, जिला तिकडे तुडूम म्हणतात, तिचं दार तोवर उघडं ठेवायचं, म्हणजे जास्तीचं पाणी हळूहळू निघून जाईल आणि अचानक पाऊस आला तर तळ्याच्या पोटात जागा असेल. पोळ्यानंतर दार बंद करून तळं भरू द्यायचं. आणि पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही, तर कवठापारनं आपल्या विहिरींचं पाणी आणि जनावरांना तणीस हिवरडोहला द्यायचं. तो एक हात किती, हे मी काढलं. तळ्याचा पसारा मोजला, उतार मोजले, गणित केलं आणि पाण्यातल्या दगडी खांबावर लाल रंगाची खूण मारली. दशरथभाऊ तुडुमाची राखण करणार. कवठापारकडून पार्बताबाई जबाबदारी घेणार. आणि सोमवार-शुक्रवारी जाऊन पाणी लाल खुणेपाशी आहे की नाही ते मी पाहणार.

त्या सभेत एकाच गोष्टीवरून आपलं भांडण झालं. आठवतं? मी म्हणाले, “पाऊस फारच ओढ देत असेल, धानाची रोवणी अडली असेल, तर दार आधी बंद करायचं का, कोणी ठरवायचं, हेही लिहून ठेवू.” तू सगळ्यांसमोर मला गप्प केलंस. “एकदा पळवाट ठेवली का सगळे तिथूनच जातात.” मग दोन्ही गावांकडे वळून म्हणालीस, “दोघाइच्या समोर जे बोललं नाही, ते बोललंच नाही. ध्यानात ठेवा.” लोकांनी माना हलवल्या. परतीच्या बसमध्ये मी पुन्हा विषय काढला. तू खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलंस. ते भांडण तसंच राहिलं. मला वाटायचं, कधीतरी पुरं करू.

पहिली दोन वर्षं जमलं. तिसऱ्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. तळं अर्धं राहिलं. कवठापारच्या विहिरीच आटल्या होत्या, त्यांनी तणीस दिली, पाणी देऊ शकले नाहीत. हिवरडोहचं धान उभ्या उभ्या वाळलं. त्या हिवाळ्यात दशरथभाऊ आपल्याशी पाळीवर बसून बोलले होते. रागावले नव्हते. फक्त म्हणाले, “ताई, रिकाम्या तळ्याकडे पाहत बसणं लय जड जाते.”

पुढचं वर्ष ते.

आषाढ कोरडा गेला. रोवणी अडून होती. मग श्रावणात थोडाथोडा पाऊस सुरू झाला. त्या शुक्रवारी तू सकाळीच फोन केलास. “सुषमा, तुझा गुडघा दुखून राहिला ना? तू नको येऊ. मी जाऊन येते.” संध्याकाळी पुन्हा फोन. “खुणेवरच आहे पाणी. काही चिंता नाही.” मी तसंच पार्बताबाईंना कळवलं. त्यांनी विचारलं, “नक्की ना, सुषमाताई? आभाळ काळं होऊन राहिलं.” मी म्हणाले, “तळ्यात जागा आहे. कितीही पडला तरी सकाळचं पाणी चढायला संध्याकाळ होईल. तुम्हाला जनावरं सोडायला वेळ मिळेल. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.”

माझा शब्द. तुझ्या तोंडून आलेला आकडा, आणि त्याच्यावर माझा शब्द.

रविवारी दुपारी जेवणाच्या वेळेला आभाळ फाटलं. पाणी यायला संध्याकाळ झाली नाही. तासाभरात सांडवा ओलांडून ते नाल्यात कोसळलं आणि नाल्याकाठची नऊ घरं त्यात गेली. माणसं शाळेकडे धावली म्हणून वाचली. पार्बताबाई सासूला उचलायला आत गेल्या तेव्हा मातीची भिंत बसली. सासूच्या कमरेचं हाड मोडलं. त्या मग खाटेवरून उठल्याच नाहीत. संक्रांतीच्या आधी गेल्या.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले. भिंतींवर गुडघाभर चिखलाची रेघ होती. कोणीतरी विचारलं, “तळ्यात जागा होती म्हणता, मंग पानी भरकन आलं कसं?” हिवरडोहचे लोक खाली पाहत होते. मला वाटलं, त्यांना दुःख झालंय. तू माझ्या शेजारी बसली होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू म्हणालीस, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “हिशेबात काहीतरी राहिलं असन. माणूसच आहे.”

हिशेब कोणाचा, ते सांगायची गरज नव्हती. पार्बताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “आमी तुमच्या खुणेवर भरवसा ठेवला होता, बाई.” सुषमाताईची बाई झाले मी, एका वाक्यात.

त्यानंतर मी तिकडे गेले नाही. कवठापारनं आराखड्यातून अंग काढून घेतलं. पार्बताबाई घर बांधायच्या भानगडीत न पडता मौद्याला राहायला गेल्या, तिथे कामगारांच्या खानावळीत पोळ्या लाटतात असं कळलं. मी घरात बसून ते गणित पुन्हा करत राहिले. जेवायच्या टेबलावर कागद पसरलेले असायचे, तू आलीस की एका बाजूला सारून ताटं मांडायचे. एका गुरुवारी मी ते सारले नाहीत. तुझ्यापुढे ढकलले. म्हणाले, “मला सापडत नाही. तू बघ. कुठे चुकलं ते सांग, म्हणजे मी सुटेन.”

तू चष्मा लावलास. पेन्सिल घेतलीस. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक ओळ तपासलीस. तासभर. दोन ठिकाणी मला विचारलंस, हा उतार कुठून घेतला, हे माप कोणत्या दिवशीचं. मग चष्मा काढलास आणि म्हणालीस, “मले काही दिसत नाही वं. सोडून दे आता. चूक होते माणसाकडून.” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलास.

त्या हाताचा मला इतका आधार वाटला होता, ताई. मी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी शांत झोपले. आता तो हात आठवला की पाठ शहारते.

आणि शेवटचे तीन आठवडे. वैशाखाचं ऊन, दवाखान्यातला तो घरघरणारा कूलर, आणि तू शुद्धीवर. पूर्ण शुद्धीवर. वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोयही तू माझ्यासाठी ठेवली नाहीस. गॅलरीतल्या कुंड्या कोणी न्यायच्या ते सांगितलंस. संजयच्या बायकोला कोणती साडी द्यायची ते सांगितलंस. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नको म्हणून रागावलीस. एकदा दुपारी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिलीस, मी विचारलं, “काय गं?” तर म्हणालीस, “तू बारीक झाली.”

मी बारीक का झाले होते?

आता दशरथभाऊ. ते तेरवीला तांदळाची पिशवी घेऊन आले होते, नव्या तांदळाची नव्हे, मागच्या सालच्या, म्हणाले ताईले जुनाच आवडे. वर यायला तयार होईनात. मी खाली गेले तर भिंतीला टेकून उभे होते.

“गावात तळ्याच्या पाळीवर ताईच्या नावाची पाटी लावून राहिले,” ते म्हणाले. “शोकसभा ठेवली. मले बोलायले सांगतलं. म्या नाही बोलत.”

“का हो?”

“तुडूम म्या बंद केलं होतं, सुषमाताई. त्या सालच्या बुधवारी. पानी लाल खुणेच्या वर, काठापर्यंत चढलं होतं. तुमचं गणित नव्हतं चुकलं.”

मला आधी काही समजलंच नाही. मी विचारलं, “कोणी सांगितलं बंद करायला?”

ते माझ्याकडे न पाहता वर, तुझ्या गॅलरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आमच्या गावच्या बाया आल्या होत्या इथं, ताईकडे. रोवणी अडली म्हणून रडल्या. आदल्या साली पानी खुणेखाली ठेवूठेवू धान गेलं होतं ना. ताई म्हणे, आठ दिवस बंद ठेवा, कवठापारले मी सांगते. आमाले वाटलं सांगतलं असन. पुराच्या दुसऱ्या दिवशी समजलं का नाही सांगतलं.”

“मग तेव्हा का नाही बोललात तुम्ही?”

“ताईनंच थांबवलं. म्हणे, आता सांगतलं तर दोन्ही गावं एकमेकाचा गळा धरतीन. पुन्हा कधी एका जागी बसणार नाही. काही दिवस जाऊ द्या, मी सांगीन.” त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. “आमीबी भेलो होतो. आमच्या चार-पाच माणसाइलेच ठाऊक होतं. पार्बताची सासू गेली तेव्हा तर तोंडच उघडलं नाही. पण तुम्ही येणं बंद केलं, ते मले समजून राहिलं होतं काहून ते.”

एवढंच ते संभाषण. वर पानं मांडली जात होती.

मी गेले काही दिवस याचाच विचार करते आहे. त्या बायका तुझ्या दारात रडल्या तेव्हा तू विरघळलीस, ते मला समजतं. मीही विरघळले असते. पाऊस जेमतेम होता, आदल्या वर्षीचं वाळलेलं धान तुझ्या डोळ्यांपुढे होतं. तुझा अंदाज चुकला, अंदाज चुकतात. तू कवठापारला फोन करणार होतीस, कदाचित उद्या, कदाचित परवा. तेही एक वेळ धरून चालू. पण त्या शुक्रवारी तू पाळीवर उभी होतीस. पाणी खुणेच्या वर चढलेलं तू पाहिलंस, आणि मला सांगितलंस की खुणेवर आहे. तिथे अंदाज नव्हता, ताई.

आणि नंतर. दोन गावं एकमेकांचा गळा धरतील म्हणून तुला दोष ठेवायला तिसरी जागा हवी होती. ती तू माझ्या गणितात शोधलीस. गणितावर चिडून कोणी कुऱ्हाड काढत नाही. मी सक्करदऱ्याला राहणारी, मला ना वरचं शेत ना खालचं घर. तुझं गणित बरोबर होतं. फक्त ते करताना तू मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर, खरं सांगते, मी कदाचित हो म्हटलं असतं. तुझ्यासाठी मी दोष घेतला असता. पण जाणून घेतला असता. रात्रंदिवस स्वतःवरच शंका घेत बसले नसते.

आपल्या त्या अर्धवट भांडणाचंही मला आता उत्तर मिळालं आहे. पळवाट लिहून ठेवली असती, तर त्या बायका तुझ्या घरी आल्याच नसत्या. दोन्ही गावांच्या सभेत आल्या असत्या. पार्बताबाई तिथे असत्या. दार बंद झालं असतं तरी कवठापारला ठाऊक असतं, नऊ घरांनी सामान शाळेत नेलं असतं. तू पळवाट कागदावर नको म्हणालीस, आणि स्वतःच पळवाट होऊन बसलीस.

तेरवीनंतर चौथ्या दिवशी मी मौद्याला गेले. खानावळीच्या मागच्या बाजूला पार्बताबाई भल्यामोठ्या परातीत कणीक मळत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत. मी पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं, तेव्हा त्यांनी ओल्या हातानं तांब्या माझ्याकडे सरकवला.

सांगून झाल्यावर त्यांनी परातीत आणखी थोडं पाणी घातलं. मग म्हणाल्या, “आमची बुढी मरेपर्यंत नलूताईचं नाव घे. म्हणे, थे बाई दर आठवड्याले माये पाय दाबून देते.” कणकेचा गोळा उलटवला. “तू मले एकटीले काहून सांगून राहिली? तिथं सांग ना. सगळ्याइच्या समोर.”

“तुम्ही याल?”

“येतो.”

शोकसभा हिवरडोहच्या समाजमंदिरात होती. तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार. चष्मा नसलेला फोटो निवडला होता संजयनं, मला तू जरा परकीच वाटलीस. पार्बताबाई आत आल्या तशी कुजबुज झाली, कवठापारचं माणूस त्या गावात पुरानंतर पहिल्यांदाच येत होतं. त्यांच्यामागून आणखी सात-आठ जणी आल्या आणि दाराजवळच बसल्या. सरपंच तुझ्याबद्दल चांगलं बोलले. खरंच चांगलं बोलले, आणि सगळं खरं होतं.

मग दशरथभाऊ उठले. मला वाटलं होतं मलाच सुरुवात करावी लागेल. ते फोटोकडे पाठ करून उभे राहिले आणि मला पार्किंगमध्ये सांगितलं तेच, त्याच शब्दांत, सगळ्यांना सांगितलं. मागून एक म्हातारा म्हणाला, “मेलेल्या मानसावर ढकलून राहिले तुमी.” त्यावर हिवरडोहचीच एक बाई उभी राहिली. तुझ्या दारात आलेल्या बायांतली. पदर तोंडाला लावून म्हणाली, “ढकलून नाही राहिले. आमीच गेलो होतो.” आणि बसली.

मग मी बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. शुक्रवारच्या फोनबद्दल बोलले एवढं आठवतं. कवठापारच्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या. तू घाबरायचीस तसं गळे धरणं वगैरे झालं नाही. दोन माणसं उठून निघून गेली. एक बाई रडली. पार्बताबाईंची मोठी जाऊ हिवरडोहच्या लोकांना तोंडावर बोलली, आमच्या घरातली बुढी गेली आणि तुमी दोन साल आमच्यासोबत बाजारात बोलत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेण्यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतंच. आणि तू जे दोन वर्षं पाठीवर बांधून फिरलीस ते असं तासाभरात जमिनीवर ठेवता आलं. ते तुला आधी जमलं असतं. या विचारानं मला तुझी दया येते आणि राग आणखी वाढतो, दोन्ही एकाच वेळी.

मग पार्बताबाईंनी सभेचं रजिस्टर मागवलं. ग्रामपंचायतीच्या कपाटातून ते आणलं. पुरानंतरच्या सभेच्या पानावर लिहिलं होतं, पाण्याच्या हिशेबात चूक झाल्यामुळे, आणि पुढे माझं नाव. पार्बताबाईंनी ते पान दुसऱ्याकडून वाचून घेतलं. मग नवं पान उघडून रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं.

“खरं काय झालं थे लिही. मंग यंदा तुडुमाचं काय करायचं थेबी ठरवू. पाऊस महिन्यावर आला. पाऊस नाही आला तर दार कधी बंद करायचं, कोनं सांगायचं, सगळं लिहू.”

मी लिहायला घेतलं. तुडूम बंद करण्यास नलूताईंनी सांगितले, एवढं मोठ्यानं वाचत लिहून झालं तेव्हा त्या वाकून पाहत होत्या. त्यांनी बोट ठेवलं.

“ताई लिहू नको. पुरं नाव लिही.”

माझा हात थांबला. समोर तुझा फोटो होता. एवढ्या वर्षांत मी तुझं पूर्ण नाव कधी लिहिलंच नव्हतं. मी ती ओळ खोडली आणि खाली नव्यानं लिहिली. तुझं नाव, तुझ्या वडिलांचं नाव, आडनाव. लिहिताना मला जाणवलं, गावच्या दप्तरात तुझ्याबद्दल शेवटचं राहील ते हेच.

खाली दशरथभाऊंनी सही केली, मी केली. मग पार्बताबाईंनी पेन घेतलं, पदराला बोटं पुसली आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जपून जोडत, सही केली. ती त्यांना तू शिकवली होतीस.